झाडं लावली की विषारी माती स्वच्छ होते का? मुळं आणि बुरशी जड धातूंचं नेमकं काय करतात

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्याच्या उत्तर टोकाला, शुक नदीच्या काठी खारेपाटण आहे. आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना हे गाव म्हणजे जिल्ह्याचं प्रवेशद्वार. पण इतिहासाच्या अभ्यासकांना ते माहीत आहे इथे सापडलेल्या ताम्रपटामुळे. शिलाहार राजा रट्टराज याचा हा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ सालचा. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ समजते ती प्रामुख्यानं यावरूनच.

राजे लोक दानपत्रं तांब्यावर का कोरत? कारण सोपं आहे. ताडपत्राला कसर लागते, कापड कुजतं, लाकडाला वाळवी लागते. तांबं मात्र टिकतं. हजार वर्षांनंतरही ते तांबंच असतं.

धातूचा हाच गुण मातीत आणि पाण्यात मिसळल्यावर डोकेदुखी ठरतो. सांडपाणी, शेण, पालापाचोळा, अगदी सांडलेलं तेलसुद्धा जिवाणू हळूहळू खाऊन संपवतात. शिसं, कॅडमियम किंवा क्रोमियम कोणताही जिवाणू, कोणतंही झाड संपवू शकत नाही. त्याचं विघटन होऊन काही साधं तयार होत नाही. ते फक्त एका जागेवरून दुसरीकडे जातं किंवा एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं.

आता सोशल मीडियावर अधूनमधून फिरणारी पोस्ट आठवा: 'ही वनस्पती लावा, जमिनीतलं सगळं विष शोषून घेते.' यात तथ्य आहे, पण अर्धंच. झाडं आणि त्यांच्या मुळांवरची बुरशी प्रदूषित जमिनीसाठी खरोखर मोठं काम करतात. मात्र त्यांचं काम विष 'खाणं' हे नाही. मग ते नेमकं काय आहे? महाराष्ट्रात आणि गोव्यात याबद्दल काय अनुभव आहे? आणि असा दावा कुणी केला तर काय विचारायचं?

जड धातूंची भीती कशाला?

जड धातू म्हटले की शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल ही नावं पुढे येतात. आर्सेनिक शास्त्रीयदृष्ट्या धातू नाही, पण या यादीत त्यालाही धरतात. जस्त, तांबं, मँगनीज हे तर शरीराला थोड्या प्रमाणात लागतातच. जास्त झाले की तेही त्रास देतात.

भात खाणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं गांभीर्य समजायचं असेल तर जपानचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे तोयामा प्रांतात कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत उतरलं, नदीच्या पाण्यानं भातखाचरांत गेलं आणि तिथून भातात. लोकांची हाडं ठिसूळ झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. दुखणं इतकं असह्य होतं की रोगाचं नावच 'इताई-इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारनं तो प्रदूषणातून झालेला आजार असल्याचं मान्य केलं. पुढे खाचरांतली माती बदलण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं आणि ८६३ हेक्टरवरचं हे काम संपायला २०१२ साल उजाडलं.

जमीन बिघडवणं सोपं असतं. ती पूर्ववत करायला एक पिढी जाते.

सिंधुदुर्गाचा यात संबंध काय?

सिंधुदुर्गाच्या पोटात खनिजं आहेत. वेंगुर्ला तालुक्यातल्या रेडीत लोहखनिजाच्या खाणी अनेक दशकं चालल्या. दोडामार्ग तालुक्यात कळणे इथे खाण आली. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे परिसरात क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, असल्याची नोंद भूगर्भशास्त्रज्ञांनी पूर्वीच केली आहे.

खडकात धातू आहे म्हणजे प्रदूषण आहे, असं नाही. क्रोमाइटमधलं क्रोमियम 'क्रोमियम-३' या रूपात असतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि तुलनेनं निरुपद्रवी असतं. तेच क्रोमियम 'क्रोमियम-६' या रूपात गेलं की पाण्यात सहज विरघळतं आणि कर्करोगाला कारण ठरू शकतं. धातू एकच, पण रूप बदललं की धोका बदलतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

कोकणात खरा प्रश्न सुरू होतो तो खडक फोडून त्याचा ढिगारा उघड्यावर पडल्यावर. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. उघडा ढिगारा अशा पावसात जागेवर राहत नाही. जुलै २०२१ मध्ये कळणे इथल्या खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटला आणि गाळाचं पाणी वस्तीत आणि बागायतीत शिरलं. लाल गाळ एकदा खाचरात बसला की जमीन घट्ट होते आणि लोहाचा अंश वाढून भाताच्या मुळांना त्रास होतो.

म्हणून कोकणापुरता पहिला प्रश्न 'मातीतून धातू बाहेर कसा काढायचा' हा नाही. 'धातू असलेली माती जागेवर कशी धरून ठेवायची' हा आहे.

झाडं तीन वेगवेगळी कामं करतात

वनस्पतींच्या मदतीनं प्रदूषण आवरण्याच्या या शाखेला फायटोरेमेडिएशन म्हणतात. नाव एकच असलं तरी आत तीन वेगळी कामं आहेत. सोशल मीडियावरचा सगळा घोळ ही तीन कामं एकत्र केल्यानं होतो.

पहिलं काम उपसण्याचं. काही वनस्पती मुळांतून धातू ओढतात आणि पानांत साठवतात. मग ती पानं कापून जमिनीबाहेर न्यायची. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याचा चीक निळसर-हिरवा असतो. वाळवलेल्या चिकाच्या वजनात २५ टक्क्यांपर्यंत निकेल सापडलं. १९७६ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले होते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात, लाकडावर रसायनांची प्रक्रिया करणाऱ्या एका जुन्या जागेवर, आर्सेनिक साठवणारं नेचं सापडलं. 'टेरिस व्हिटाटा' नावाचं हे नेचं भारतातही ओल्या भिंतींवर आणि जुन्या बांधकामांच्या फटींत उगवतं. धातूंचा असा साठा करणाऱ्या सुमारे ७०० वनस्पती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य निकेल साठवणाऱ्या आहेत.

दुसरं काम धरून ठेवण्याचं. इथे धातू झाडात चढू द्यायचाच नाही. तो मुळांपाशी अडवायचा, माती बांधून ठेवायची, धूप थांबवायची. कोकणाला ओळखीचा असलेला वाळा या कामात पटाईत आहे. त्याची मुळं तीन मीटरपर्यंत खोल जातात, उतार धरून ठेवतात, आणि शोषलेल्या धातूंपैकी बराचसा भाग मुळांतच राहतो. म्हणूनच प्रदूषित जागेवरचा वाळा माठातल्या पाण्यात टाकायचा नसतो.

तिसरं काम गाळण्याचं. मुळं थेट पाण्यात सोडायची आणि पाण्यातला धातू त्यांना चिकटू द्यायचा. चेर्नोबिल परिसरातल्या तळ्यांत १९९० च्या दशकात तराफ्यांवर सूर्यफुलं लावून किरणोत्सर्गी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम असंच गाळण्यात आलं.

बुरशी इथे कुठून आली?

कृषी सेवा केंद्रात 'मायकोरायझा' किंवा 'व्हॅम' नावाची पाकिटं मिळतात. आंबा-काजूची कलमं लावताना अनेक बागायतदार ती वापरतात. ही तीच बुरशी.

जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांत ही बुरशी राहते. तिचे तंतू मुळांच्या आत शिरतात आणि बाहेर मातीत दूरवर पसरतात. हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे जिथे मूळ पोहोचू शकत नाही अशा फटींतून ते पाणी आणि स्फुरद आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. ही भागीदारी ४० कोटी वर्षांहून जुनी आहे. झाडं जमिनीवर वस्ती करू लागली त्या काळातल्या जीवाश्मांतही तिच्या खुणा आहेत.

धातूंच्या बाबतीत बुरशीचा उपयोग चार प्रकारे होतो.

* खाणीच्या ढिगाऱ्यात अन्नद्रव्यं जवळपास नसतात. बुरशी स्फुरद आणून देते, म्हणून रोप मुळात जगतं.
* बुरशीच्या तंतूंच्या भिंतीला धातूचे कण चिकटतात. काही धातू ती स्वतःच्या पेशींत कोंडून ठेवते. त्यामुळे झाडाकडे कमी धातू पोहोचतो.
* तंतूंचं जाळं मातीचे कण एकत्र बांधतं. सुटी भुकटी ढेकळांत बदलते आणि पावसात कमी वाहते.
* तंतूंभोवती तयार होणारे चिकट प्रथिनयुक्त पदार्थही धातू पकडून ठेवतात.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बुरशी दर वेळी धातू अडवतेच असं नाही. काही प्रयोगांत बुरशीमुळे झाडात धातू जास्त चढला, काहींत कमी. धातू कोणता, झाड कोणतं, बुरशीची जात कोणती आणि माती कशी, यावर ते ठरतं.

दुसरी गंमत म्हणजे मोहरीच्या कुळातल्या बहुतेक वनस्पती या बुरशीशी मैत्री करतच नाहीत. आणि धातू उपसणाऱ्या नावाजलेल्या वनस्पतींपैकी बऱ्याच याच कुळातल्या आहेत. त्यामुळे 'मोहरी लावा आणि मायकोरायझा टाका' हा सल्ला दिसला तर तो देणाऱ्यानं विषय नीट वाचलेला नाही, असं खुशाल समजावं.

विदर्भातल्या ढिगाऱ्यांवर काय झालं?

महाराष्ट्रात या कामाचा सर्वात ठोस अनुभव विदर्भात आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नीरी'नं, खाणींच्या ढिगाऱ्यांवर हिरवळ आणण्याची एक पद्धत विकसित केली. या कामात डॉ. आशा जुवारकर यांचा मोठा वाटा आहे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीचे ढिगारे, खापरखेडा वीज केंद्राची राख आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पद्मापूर कोळसा खाणीचा ढिगारा इथे ती वापरली गेली.

पद्धत ऐकायला साधी आहे. ढिगाऱ्यावर नुसते खड्डे खणून रोपं लावली तर ती मरतात, कारण तिथे माती नसतेच, असतो तो दगडाचा चुरा. म्हणून आधी सेंद्रिय माल टाकायचा. त्यासाठी साखर कारखान्यातलं प्रेसमड किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ असा दुसऱ्या उद्योगाचा टाकाऊ मालच वापरायचा. मग नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा रोपांच्या मुळांना द्यायचे. आणि साग, कडुनिंब, बांबू अशी त्या भागात तग धरणारी झाडं निवडायची.

पद्मापूरला १० हेक्टरवर हा प्रयोग झाला. हेक्टरी ५० टन गाळ टाकला गेला. ढिगाऱ्यात आधी जवळपास नसलेले रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि बुरशीचे बीजाणू नंतर चांगले वाढले. क्रोमियम, जस्त, शिसं, निकेल, कॅडमियम यांचा विषारीपणा लक्षणीय घटला. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता यातली सर्वात महत्त्वाची ओळ. विषारीपणा घटला तो झाडांनी धातू शोषून घेतल्यामुळे नव्हे. टाकलेल्या गाळात सेंद्रिय पदार्थ भरपूर होते आणि त्याचा सामू ८ च्या वर होता. अशा स्थितीत धातू मातीला घट्ट बांधले जातात, पाण्यात उतरत नाहीत आणि झाडात चढत नाहीत. म्हणजे हे दुसरं काम झालं, धरून ठेवण्याचं. धातू तिथेच होते, फक्त बंदिस्त झाले होते. क्रोमियमच्या दोन रूपांचा मुद्दा इथे लागू होतो. धातू काढता येत नसेल तर त्याला निरुपद्रवी रूपात ठेवणं हीसुद्धा सफाईच आहे. अट एकच, ती जागा पुन्हा कुणी उकरायची नाही.

गोव्याचा धडा आणि खाडीतली झाडं

सिंधुदुर्गाला विदर्भापेक्षा गोवा जवळचा. जांभा दगड तोच, पाऊस तोच, लोहखनिजही तेच. गोव्यात खाणींचे डोंगराएवढे ढिगारे उभे राहिले आणि पावसाळ्यात त्यातला गाळ ओढ्यांतून मांडवी-जुवारीकडे गेला. गोवा विद्यापीठात प्रा. बी. एफ. रॉड्रिग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ढिगाऱ्यांवर उगवणाऱ्या झाडांच्या मुळांतली बुरशी अभ्यासली. अशा नापीक जागीही तग धरणाऱ्या झाडांच्या मुळांत ती सापडली.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. कठीण जागेत राहून सरावलेली स्थानिक बुरशी बाहेरून आणलेल्या पाकिटापेक्षा जास्त उपयोगी ठरू शकते. आणि ती राहते कुठे? वरच्या वीतभर मातीत. खाण सुरू होताना सर्वात आधी खरवडली जाते ती हीच माती. ही माती वेगळी ठेवून पुन्हा वापरावी असं खाणींच्या नियमांत आहे. पण वर्षानुवर्षं उंच ढीग करून ठेवली तर झाडांच्या मुळांविना आतली बुरशी मरते. म्हणून माती साठवली का, एवढंच विचारून भागत नाही. किती काळ साठवली आणि तिच्यावर काही उगवत ठेवलं होतं का, हेही विचारायला हवं.

डोंगरावरून जे सुटतं ते शेवटी खाडीत येतं. शुक नदी खारेपाटणवरून पुढे वाघोटण-विजयदुर्ग खाडीला मिळते. या खाडीच्या काठी कांदळवन आहे. कांदळवनाखालच्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. तिथे गंधकाबरोबर धातूंची न विरघळणारी संयुगं बनतात आणि ती चिखलातच अडकून राहतात. गोवा विद्यापीठातल्याच अभ्यासात कांदळवनाच्या मुळांतही मायकोरायझा आढळली आहे.

म्हणजे कांदळवन ही आपोआप चालणारी तिजोरी आहे. पण ती तोडली, चिखल उपसून उन्हात टाकला, की प्राणवायू लागतो आणि अडकलेले धातू पुन्हा सुटे होतात. तिथून ते कुठे जातील हे मालवण किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. कालवं आणि तिसऱ्या पाणी गाळून अन्न मिळवतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं आणि तिथून ताटात येतं.

मग उपसण्याचं काम कुठे जमतं?

थोडा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीतली वरची २० सेंटिमीटर माती भरते साधारण २,६०० टन. समजा, त्यात किलोला ५०० मिलिग्रॅम निकेल आहे. म्हणजे एकूण १,३०० किलो निकेल.

साधं पीक घेतलं, त्याचा १० टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोला १० मिलिग्रॅम निकेल असलं, तर एका हंगामात बाहेर पडलं फक्त १०० ग्रॅम. या गतीनं जमीन रिकामी व्हायला १३,००० वर्षं लागतील. तोच पाला एक टक्का निकेल साठवणाऱ्या वनस्पतीचा असेल तर एका कापणीत १०० किलो निघेल आणि काम १३ कापण्यांत आटोक्यात येईल. ही कल्पनेतली गोष्ट नाही. अल्बानियात निकेलयुक्त जमिनीवर हेक्टरी सुमारे १०० किलो निकेलचं 'पीक' काढून झालं आहे.

भाताच्या बाबतीतही जपाननं हे करून दाखवलं. 'चोकोकोकु' नावाचं, कॅडमियम जास्त शोषणारं इंडिका भाताचं वाण दोन वर्षं लावलं. ते खाण्यासाठी नव्हतं, कापून बाहेर नेण्यासाठी होतं. मातीतलं कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटलं आणि त्यानंतर घेतलेल्या नेहमीच्या भातातलं ४७ टक्क्यांनी. हे निष्कर्ष २००९ मध्ये आले.

आणि अपयशाचंही उदाहरण आहे. फुकुशिमा अपघातानंतर २०११ मध्ये लोकांनी मोठ्या आशेनं सूर्यफुलं लावली. चेर्नोबिलच्या तळ्यात ती चालली होती ना! पण इथे सीझियम पाण्यात नव्हतं, चिकणमातीला चिकटलं होतं. जपानच्या कृषी मंत्रालयानं तपासलं तेव्हा सूर्यफुलांनी जमिनीतल्या सीझियमचा सुमारे दोन हजारावा भागच उचलल्याचं दिसलं. वनस्पती तीच, काम वेगळं, निकाल वेगळा.

दावा ऐकला की हे पाच प्रश्न विचारा

एखादी खाण, कारखाना, संस्था किंवा व्हायरल व्हिडिओ 'झाडं लावून जमीन शुद्ध केली' असं सांगत असेल तर:

१. धातू कोणता, आणि तो मातीत आहे, पाण्यात आहे की गाळात?

२. झाडांचं काम कोणतं आहे? उपसायचं, धरून ठेवायचं की गाळायचं?

३. उपसायचं असेल तर कापलेला पाला कुठे जातो? तो जनावरांपुढे टाकला, चुलीत जाळला किंवा खत केला तर धातू परत गावातच येतो. त्याची जागा घातक कचऱ्याच्या केंद्रात आहे. राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत.

४. धरून ठेवायचं असेल तर पुढची २०-३० वर्षं त्या जागेची राखण कोण करणार? तिथली फळं, चारा, मुळं कुणी वापरणार नाही हे कोण पाहणार?

५. आधी आणि नंतर मोजमाप झालं का? फक्त मातीचं नव्हे, तर विहिरीच्या पाण्याचं, भाताच्या दाण्याचं आणि खाडीतल्या कालवांचंसुद्धा?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर हिरवा डोंगर हा फक्त हिरवा डोंगर आहे. तो स्वच्छ असेलच असं नाही.

झाडं आणि बुरशी यांची किंमत यानं कमी होत नाही. शेकडो हेक्टर माती उचलून दुसरीकडे टाकणं बहुतेक ठिकाणी परवडत नाही. अशा जागी ढिगारा बांधून ठेवणारं वाळ्याचं मूळ, दगडाच्या चुऱ्याची माती करणारा बुरशीचा तंतू आणि खाडीकाठचं कांदळवन हाच परवडणारा उपाय असतो. तो संथ आहे आणि त्याला राखण लागते. पण त्याहून स्वस्त उपाय एकच आहे: वरची जिवंत माती आणि खाडीकाठचं कांदळवन आधीच न गमावणं.